रहस्यकथेची भूमी

(रहस्यकथेत गुन्हा कोणी केला हे जसे महत्त्वाचे, तसेच तो कोठे घडला हेही महत्त्वाचे असते. एका प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीच्या आधारे प्रस्तुत पाठात कथा आणि भूमी यांचे नाते उलगडून दाखविले आहे.)

रहस्यकथा वाचण्याचे वेड ज्याला एकदाही लागले नाही, असा विद्यार्थी विरळाच. दिवा मालवण्याची वेळ होऊन गेलेली असते, आई दोनदा हाक मारून जाते, पण ‘एवढे एकच प्रकरण’ असे म्हणत आपण पाने उलटीत राहतो. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांची झोप अशीच उडविली. अखेर गुन्हेगार सापडतो, पुस्तक मिटते आणि बहुधा आपण ते विसरूनही जातो. कोड्याचे उत्तर एकदा कळल्यावर ते कोडे पुन्हा सोडवीत कोण बसेल? तथापि काही थोड्या रहस्यकथा अशा आहेत, की त्यांतील गुन्हेगार कोण हे पक्के ठाऊक असूनही लोक त्या पुन्हा पुन्हा वाचतात. याचे कारण काय असावे?

याची कारणे अनेक असतील. परंतु त्यांतील एक मोठे कारण म्हणजे त्या कथेची भूमी. उलगडा लक्षात राहो वा न राहो, ती जागा मनातून जात नाही. मुलांनो, कथेतील भूमी खरी की नुसती सांगण्यापुरती, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. ती कथा उचलून मनातल्या मनात दुसऱ्या गावी नेऊन ठेवावी. काहीही न बदलता ती तेथेही तशीच घडू शकली, तर त्या कथेतील जागा नाटकाच्या रंगविलेल्या पडद्यासारखी होती असे समजावे. पण जागा बदलताच कथा कोसळली, तर ती भूमी हे त्या कथेतील एक पात्रच होय. ही कसोटी घेऊन आज आपण एका जगप्रसिद्ध कादंबरीकडे जाऊ.

त्या कादंबरीचे नाव ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’, म्हणजे ‘बास्करव्हिल घराण्याचा शिकारी कुत्रा’. तिचा लेखक आर्थर कॉनन डॉइल. १८५९ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो या शहरी त्याचा जन्म झाला. तो शिकला वैद्यक, पण त्याला कीर्ती मिळाली ती शेरलॉक होम्स या त्याच्या मानसपुत्रामुळे. भालबा केळकरांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या असल्यामुळे तुमच्यापैकी काहींची त्याच्याशी ओळख झालीही असेल. १८८७ मध्ये होम्स प्रथम वाचकांसमोर आला. पुढे डॉइललाच त्याचा कंटाळा आला आणि १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कथेत त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधील एका धबधब्यात लोटून दिले! वाचकांना मोठा धक्का बसला, पण डॉइल बधला नाही.

त्याचा हा निश्चय मोडला तो एका भूमीने. १९०१ साली बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन या तरुण पत्रकार मित्राने त्याला एका भुताटकीच्या कुत्र्याची दंतकथा सांगितली. रॉबिन्सनचे घर इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाच्या ओसाड पठाराजवळ होते. डॉइल केवळ ऐकीव माहितीवर थांबला नाही. तो मित्रासह डार्टमूरवर गेला आणि प्रिन्सटाउन या तेथील गावी राहून दोघांनी ते पठार पायांखाली घातले. एका दिवसात आपण चौदा मैल चाललो, असे त्याने आपल्या आईला पत्रात कळविले होते. रॉबिन्सनच्या घरी हॅरी बास्करव्हिल नावाचा गाडीवान होता. त्याचे आडनाव कादंबरीतील घराण्याला मिळाले. ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात ही कादंबरी ‘स्ट्रँड’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९०२ मध्येच पुस्तकरूपाने बाहेर पडली. होम्स तर धबधब्यात पडलेला. म्हणून ही त्याच्या अंतापूर्वीची हकिकत आहे, अशी योजना लेखकाने केली.

आता ही भूमी आहे तरी कशी, ते पाहू. डार्टमूरचे क्षेत्रफळ सुमारे साडेनऊशे चौरस किलोमीटर आहे. त्यावरील सर्वांत उंच जागा ६२१ मीटरची. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्यानेही नाही. पण केवळ उंचीवरून भूमीची उग्रता ठरत नाही. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर भूपृष्ठावर एकावर एक पसरत गेले, म्हणून त्याचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. डार्टमूरचा खडक ग्रॅनाइट. तो सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी तप्त रसाच्या रूपाने जमिनीच्या पोटातच राहिला व तेथेच हळूहळू निवाला. वरची आवरणे काळाने झिजून गेली आणि हा खडक उघडा पडला. त्याच्या भेगांत पाणी शिरून, गोठून, खडक फुटत गेला. जे भाग टिकले ते टेकड्यांच्या माथ्यांवर, कोणी राक्षसाने दगड रचून ठेवावेत तसे उभे आहेत. तेथील लोक त्यांना ‘टॉर’ म्हणतात.

ग्रॅनाइट घट्ट असल्यामुळे पावसाचे पाणी खाली मुरत नाही. अटलांटिक महासागरावरून येणारे दमट वारे वर्षभर पाऊस आणतात. सखल जागी ते पाणी साचून राहते. अशा थंड, पाणथळ जागी मेलेली झाडेझुडपे पुरती कुजत नाहीत. त्यांचे काळेतपकिरी थर शतकानुशतके साचत जातात. यालाच ‘पीट’ म्हणतात. त्यावर स्फॅग्नम जातीचे शेवाळ वाढते. हे शेवाळ आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. वरून पाहावे तो हिरवेगार गवताचे मैदान. पाय टाकावा तो खाली थरथरणारा चिखल! अशा फसव्या जागांना डार्टमूरचे लोक थट्टेने ‘पिसांची गादी’ म्हणतात. गादी खरीच, पण तीवरून उठणे अवघड.

तेच दमट वारे पठारावर चढताना थंड होतात आणि धुके दाटते. पाहता पाहता समोरची वाट नाहीशी होते. या पठारावर माणसाच्या खुणा आहेत, पण त्याही मन दडपून टाकणाऱ्या. ताम्र-कांस्य युगातील माणसांनी बांधलेल्या गोल झोपड्यांची दगडी जोती जागोजाग आढळतात. ग्रिम्सपाउंड नावाच्या स्थळी एका दगडी तटाच्या आत अशा चोवीस घरांचे अवशेष आहेत. प्रिन्सटाउन येथे एक प्रचंड तुरुंग आहे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धातील फ्रेंच कैद्यांसाठी तो बांधण्यात आला. १८०९ मध्ये तेथे कैदी येऊ लागले आणि १८५० पासून शिक्षा झालेले गुन्हेगार तेथे ठेवले जाऊ लागले. दलदल, धुके, ओसाड झोपड्या आणि तुरुंग, एवढी सामग्री या भूमीने लेखकापुढे ठेवली होती.

ही सामग्री डॉइलने कशी वापरली, त्यातच त्याचे कौशल्य आहे. बास्करव्हिल घराण्यावर एक शाप आहे, अशी समजूत असते. १७४२ साली लिहिलेल्या एका कागदात ती हकिकत नमूद आहे: घराण्यातील एका दुष्ट पूर्वजाला पठारावर एका राक्षसी कुत्र्याने ठार मारले, आणि तेव्हापासून हा कुत्रा वंशजांच्या मागे लागला आहे. अशात त्या घराण्याचे वृद्ध प्रमुख सर चार्ल्स हे एका रात्री आपल्या वाड्याबाहेरच्या वाटेवर मृतावस्थेत सापडतात. अंगावर जखम नाही. त्यांचे डॉक्टर होम्सकडे लंडनला येतात आणि दबल्या आवाजात सांगतात, की प्रेतापासून वीसेक यार्डांवर त्यांनी एका प्रचंड कुत्र्याच्या पावलांचे ठसे पाहिले.

तुम्ही अशा वेळी काय कराल? बहुतेक माणसे घाबरतील. काही हसण्यावारी नेतील. होम्स या दोहोंपैकी काहीच करीत नाही. तो प्रश्न विचारू लागतो, आणि ते सारे प्रश्न भूमीविषयी असतात. वाट किती रुंद? दोन्ही बाजूंचे झाडांचे कुंपण किती दाट? त्यातून कोणी आत येऊ शकेल काय? पठाराकडे उघडणारे फाटक आहे काय? ठसे वाटेवर होते की कडेच्या गवतावर? फाटकाशी चिरुटाची राख दोन वेळा झटकलेली आढळली. त्यावरून सर चार्ल्स तेथे पाच-दहा मिनिटे कोणाची तरी वाट पाहत उभे होते, हे कळते. फाटकापुढे त्यांचे पाऊलठसे बदललेले होते. जणू ते चवड्यांवर चालत होते. लोकांना हे गूढ वाटते. होम्स सांगतो, ते चालत नव्हते, जीव घेऊन धावत होते. माणूस धावू लागला, की त्याच्या पावलाचा पुढचा भागच जमिनीत रुततो. तुम्ही ओल्या मातीत स्वतः धावून पाहा, म्हणजे याची सत्यता पटेल. ती जमीन आपल्याला वेळेवर पाहायला मिळाली नाही, पावसाने आणि बघ्यांच्या पायांनी तिच्यावरचा सारा मजकूर पुसून गेला, याची होम्सला फार हळहळ वाटते. भूमी ही त्याच्या लेखी एक लिहिलेले पान आहे. वाचणारा लवकर पोचला पाहिजे, एवढेच.

डॉक्टर निघून गेल्यावर होम्स काय करतो, तेही पाहण्यासारखे आहे. तो त्या भागाचा मोठा नकाशा मागवितो आणि दिवसभर खोलीचे दार लावून त्यावर डोके खुपसून बसतो. संध्याकाळी त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन येतो, तेव्हा होम्स म्हणतो, की शरीराने मी या खुर्चीतच होतो, पण मनाने डेव्हनला जाऊन आलो. नकाशावर तो वाडा, एक लहानसे खेडे, विखुरलेली चार-दोन घरे आणि चौदा मैलांवरचा तुरुंग दाखवितो. मुलांनो, येथे भूमीने कथेला केवढे साहाय्य केले आहे पाहा. लंडनसारख्या नगरात लक्षावधी माणसे. संशय तरी कोणाकोणाचा घ्यावा? या पठारावर मात्र बोटांवर मोजण्याइतकी माणसे. गुन्हेगार त्यांतच असला पाहिजे. भूमीने त्यांच्याभोवती कुंपण घातले आहे.

नवा वारस सर हेन्री याच्यासह वॉटसन आगगाडीने डार्टमूरला निघतो. त्या प्रवासात खिडकीबाहेरच्या मातीचा रंग तांबूस होत जातो, विटांच्या घरांच्या जागी दगडी घरे दिसू लागतात, आणि मग हिरव्या शेतांच्या पलीकडे स्वप्नात दिसावी तशी पठाराची धूसर, उदास कड वर येते. स्टेशनच्या बाहेर बंदूकधारी शिपाई उभे असतात. कारण तुरुंगातून एक भयंकर कैदी निसटून पठारावर लपला आहे. लेखकाने ‘ती जागा भयाण होती’ असे नुसते म्हटले नाही. माती, दगड, शिपाई एकेक करून आपल्यासमोर आणले आणि भय आपोआप आपल्या मनात उतरू दिले.

पुढे एके दिवशी वॉटसन एका रहिवाशाबरोबर पठारावर उभा असतो. दूरवर हिरवागार पट्टा दिसतो. ही ग्रिम्पेनची दलदल. तीत एक तट्टू अडकलेले असते. ते मान वर काढून धडपडते, एक आर्त किंकाळी ऐकू येते आणि चिखल पुन्हा पूर्ववत होतो. थोड्याच वेळात पठारावरून एक लांब, करुण, घुमणारा आवाज येतो. लोक म्हणतात, तो शापित कुत्र्याचा. सोबतचा माणूस म्हणतो, दलदलीचे आवाज विचित्रच असतात; चिखल खाली बसत असेल, पाणी वर चढत असेल, किंवा बगळ्याच्या कुळातील एखादा दुर्मीळ पक्षी ओरडत असेल. एकच आवाज आणि त्याचे इतके अर्थ! यांपैकी खरा कोणता? येथे वाचकाची बुद्धी आणि वाचकाचे भय यांची झुंज लागते. भूमी अशी आहे, की दोन्ही बाजू खऱ्या वाटाव्यात.

त्या पुरातन दगडी झोपड्यांपैकी एकीत कोणीतरी राहत आहे. चांदण्या रात्री टॉरवर एक उंच आकृती निश्चल उभी दिसते. शेवटच्या रात्री धुक्याची पांढरी भिंत इंच इंच सरकत येते आणि कशालाही न भिणारा होम्सही त्या धुक्यापुढे अस्वस्थ होतो, कारण त्याचा सारा बेत ते एकटेच उधळू शकते. यापुढचे मी मुद्दामच सांगत नाही. तो आनंद ज्याचा त्याने घ्यावा. एवढेच लक्षात ठेवा, की या कथेचा शेवट दलदलीवाचून आणि धुक्यावाचून होऊच शकला नसता. आपली कसोटी येथे लावून पाहा. ही कथा लंडनच्या हमरस्त्यावर नेऊन ठेवा. तिचे काय उरते?

या कादंबरीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अनोळखी भूमी मनुष्याच्या मनात भय उत्पन्न करते आणि त्या भयातून भुताखेतांच्या कथा जन्मतात. होम्सची रीत वेगळी आहे. निसर्गनियमांच्या पलीकडचे काही असेल, तर आपला तपासच खुंटला, हे तो मान्य करतो. पण इतर सर्व शक्यता तपासून संपल्याखेरीज त्या निष्कर्षाकडे वळायचे नाही, असा त्याचा निर्धार आहे. नवल असे, की खुद्द डॉइल उत्तर आयुष्यात मृतांच्या आत्म्यांशी संपर्क साधता येतो, असे मानू लागला आणि त्या मताचा त्याने हिरीरीने प्रचारही केला. लेखक त्या वाटेने गेला, पण त्याचा होम्स अखेरपर्यंत पुराव्याचीच कास धरून राहिला.

आता एक शंका उद्भवेल. पुस्तकातील डार्टमूर आणि खरे डार्टमूर एकच आहेत काय? नाहीत. ग्रिम्पेनची दलदल नकाशात शोधून सापडणार नाही. ‘फॉक्स टॉर मायर्स’ नावाच्या खऱ्या दलदलीवरून ती लेखकाला सुचली असावी, असे मानले जाते. तो वाडाही काल्पनिकच. कुंभार माती गावच्याच तळ्यातून आणतो, पण मडक्याचा आकार त्याच्या मनातला असतो. तसेच हे आहे. शिवाय लेखकाने या भूमीचे उग्र रूपच तेवढे रंगविले. खऱ्या डार्टमूरवर तट्टे चरतात, उन्हाळ्यात जांभळ्या फुलांचे ताटवे फुलतात. १९५१ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९६० पासून तेथे एक मोहीम भरू लागली. तीत चौदा ते एकोणीस वर्षांची मुलेमुली नकाशा व होकायंत्र घेऊन, दोन दिवसांत दहा टॉर गाठीत ३५, ४५ किंवा ५५ मैल चालतात. ज्या दलदलींना लोक भीत, त्या पाणी धरून ठेवतात आणि हवेतील कार्बन जमिनीत साठवितात, हे आता कळले आहे. म्हणून त्यांची जपणूक केली जात आहे. भूमी तीच, तिच्याविषयीचे ज्ञान वाढले, तसे भय ओसरले.

आपल्या देशातही भूमीवर उभ्या राहिलेल्या रहस्यकथा आहेत. थोर चित्रपट-दिग्दर्शक सत्यजित राय यांनी बंगाली मुलांसाठी फेलूदा नावाचा गुप्तहेर निर्माण केला. त्यांची ‘सोनार केल्ला’, म्हणजे ‘सोन्याचा किल्ला’, ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली आणि १९७४ मध्ये त्यांनीच तीवर चित्रपट काढला. कोलकात्याचा मुकुल नावाचा लहान मुलगा पूर्वजन्मीच्या सोन्याच्या किल्ल्याविषयी बोलू लागतो. तेथे गुप्तधन असेल, या लोभाने दुष्ट माणसे त्याच्या मागे लागतात. राजस्थानात किल्ले पुष्कळ. त्यांतील सोन्याचा कोणता? येथे जागा शोधणे हेच मुळी कोडे झाले आहे. जैसलमेरचा किल्ला ११५६ साली बांधला गेला, तो पिवळ्या वालुकाश्माचा. सूर्य कलला, की तो खरोखरच सोन्यासारखा झळकतो. डार्टमूरवर लपविणारे धुके, तर येथे उजळून टाकणारे ऊन. पण दोन्ही ठिकाणी कथा खडकाच्या जातीतून निघाली आहे, हे ध्यानात घ्या.

हे वाचून तुम्हालाही एखादी रहस्यकथा लिहावीशी वाटेल. तेव्हा मला आलेला एक अनुभव सांगून हा पाठ संपवितो. मी कोकणातील एका खाडीकाठच्या शाळेत शिकवीत असताना सातवीच्या एका मुलाने रहस्यकथा लिहून आणली. तीत लंडन होते, धुके होते, काळा लांब कोट आणि चिरूटही होता. मी वाचली आणि विचारले, “अरे, लंडनच्या धुक्याचा वास कसा असतो?”

तो गप्प राहिला.

“बरे, तुझ्या घरासमोरच्या खाडीच्या चिखलाचा?”

“तो ठाऊक आहे, सर,” तो हसून म्हणाला.

“मग आज भरती केव्हा आहे, तेही ठाऊक असेल.”

त्याने क्षणभर बोटे मोजली आणि वेळ सांगितली. घड्याळ नाही, तक्ता नाही. त्याच्या आजोबांनी त्याला हिशेब शिकविला होता: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हेच ज्ञान त्या हिशेबात दडलेले आहे. मी म्हटले, “मग तुझ्या कथेतील चोर याच हिशेबाने पकड.”

आठ दिवसांनी त्याने नवी कथा आणली. गावात चोरी होते. संशयित माणूस शपथेवर सांगतो, की चोरीच्या रात्री आपण गावात नव्हतोच. पौर्णिमेच्या पहाटे सहा वाजता होडीने खाडी ओलांडून आपण धक्क्याला उतरलो. सारे विश्वास ठेवतात. एक म्हातारा तांडेल तेवढा मान हलवितो. पौर्णिमेला उधाणाची भरती मध्यरात्री आणि दुपारी, बाराच्या सुमारास येते. म्हणजे पहाटे सहाला खाडीत पूर्ण ओहोटी. धक्क्यापुढे गुडघाभर चिखल! त्या वेळी तेथे होडी लागेल कशी? माणूस खोटे बोलतो, हे त्या चिखलाने सिद्ध केले. ती कथा मी वर्गात वाचून दाखविली, तेव्हा एकही मूल जागचे हलले नाही. पुष्कळ वर्षे झाली. त्या मुलाची पहिली कथा मला आठवत नाही, दुसरी मात्र जशीच्या तशी आठवते.

तुमच्यापैकी कोणी खाडीकाठचे असाल, कोणी घाटमाथ्यावरचे, कोणी काळ्या मातीच्या रानातले, तर कोणी गजबजलेल्या चाळीतले. भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर पाऊल कसे उमटते, घाटात धुके कोणत्या बाजूने चढते, चाळीतील कोणत्या जिन्याची कोणती पायरी वाजते, हे तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? डॉइलला त्यासाठी चौदा मैल चालावे लागले. तुम्हाला केवळ दाराबाहेर पडून नीट पाहावयाचे आहे.

शब्दार्थ

विरळा – क्वचित आढळणारा
मानसपुत्र – मनाने निर्माण केलेली व्यक्ती
बधणे – वश होणे, ऐकणे
सखल – खोलगट, कमी उंचीचा
चवडा – पावलाचा पुढचा भाग
हिरीरीने – जोराने, उत्साहाने
तांडेल – होडीवरील खलाशांचा म्होरक्या
उधाण – पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येणारी मोठी भरती

स्वाध्याय

१. कथेतील भूमी खरोखर महत्त्वाची आहे की नाही, हे ओळखण्याची कोणती कसोटी लेखकाने सांगितली आहे?
२. डार्टमूरवर दलदल का निर्माण झाली, ते पाच-सहा वाक्यांत सांगा.
३. पाऊलठशांवरून होम्सने कोणता निष्कर्ष काढला? लोकांचा समज कोणता होता?
४. ‘भूमी ही त्याच्या लेखी एक लिहिलेले पान आहे’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. खाडीकाठच्या मुलाची पहिली कथा लेखकाला आठवत नाही आणि दुसरी आठवते. असे का झाले असावे?
६. तिथीची पाऊणपट करून चतुर्थीला व द्वादशीला भरती साधारण किती वाजता येईल, ते काढा.
७. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: पायांखाली घालणे; हसण्यावारी नेणे; कास धरणे; बोटांवर मोजण्याइतके असणे.
८. उपक्रम: आपल्या गावाचा किंवा वस्तीचा नकाशा काढा. त्यातील एक जागा निवडून तेथेच घडू शकेल अशी लहानशी रहस्यकथा लिहा. जागा बदलल्यास कथा टिकते काय, हे मित्राकडून तपासून घ्या.